हौसेने नटवलेली जुनी हॅचबॅक विकताना

१६ इंची मॅगव्हील, खाली बसवलेले सस्पेन्शन, मागे स्पॉयलर, जाड नळीचा सायलेन्सर, आणि गाडी डिझेल असेल तर ईसीएमचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, रिमॅपही. अशी एखादी जुनी स्विफ्ट, पोलो, फिगो किंवा पुंटो आपल्या अकोल्यातल्या जठारपेठेत, रतनलाल प्लॉटात, गोरक्षण रोडवर कुणाच्या ना कुणाच्या दारात उभी असतेच. मालकाने कॉलेजच्या किंवा पहिल्या नोकरीच्या वर्षांत ती मनापासून घडवलेली असते. पुढे लग्न होते, घरात लेकरू येते, आईच्या गुडघ्यांना इतक्या खालच्या गाडीत बसवत नाही, आणि गाडी विकायला काढायची वेळ येते. मग घरात बसून हिशेब मांडला जातो: गाडीची बाजारातली किंमत, अधिक तिच्यावर केलेला खर्च. हा हिशेब सोडून द्या. गाडी महिनोन् महिने दारात पडून राहते आणि शेवटी वैतागून दलालाला पडेल भावाने द्यावी लागते, याचे कारण बहुतेक वेळा हा हिशेबच असतो.

आधी ठरवायचे ते हे, की गाडी घेणार कोण. अकोल्यात जुनी हॅचबॅक घेणारा माणूस बहुधा अकोट, तेल्हारा, बाळापूर, पातूर, मूर्तिजापूरकडचा असतो, नाहीतर शहरातलाच पहिल्यांदा गाडी घेणारा नोकरदार. सोयाबीन-कपाशीचा पैसा हाती आला की तो बाहेर पडतो. त्याला चार माणसे आणि पाठीमागे पोते-पिशवी बसेल अशी, ब्रेकरवर पोट न घासणारी, गावातल्या मिस्त्रीला कळेल अशी गाडी हवी असते. तुमची गाडी पाहून तो म्हणतो, "भाऊ, गाडी तं मस्त हाये, पण हे सगळं काढून द्या. मले साधी पाह्यजे." त्याचे काही चुकत नाही. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात उचलतात आणि उन्हाळ्यात खचतात. स्विफ्टला कंपनीने १७० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स दिला, त्यातले ३०-४० मिलिमीटर तुम्ही कमी केले असतील, तर शेताच्या वाटेवर ती गाडी त्याच्या उपयोगाची उरत नाही.

दुसरे गिऱ्हाईक म्हणजे हौशी माणूस. तो नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पुणे, नाशिक असा कुठेही असेल. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होणाऱ्या ड्रॅग शर्यती त्याने पाहिलेल्या असतात, आणि सुटा भाग कोणत्या कंपनीचा हे तो एका नजरेत ओळखतो. तो चांगल्या कामाचे पैसे देतो. पण असे गिऱ्हाईक थोडे, दूरचे, आणि बिल, फोटो, काम करणाऱ्या गॅरेजचे नाव मागितल्याशिवाय पुढे न सरकणारे.

माझा कौल स्पष्ट आहे. गाडीवरचे काम नावाजलेल्या भागांचे, बिलांसह आणि नीट केलेले असेल, आणि तुम्हाला दोन-तीन महिने थांबायची सवड असेल, तरच हौशी गिऱ्हाइकाची वाट पाहा. नाहीतर गाडी मूळ रूपात आणा, काढलेले भाग वेगळे विका, आणि गाडी साध्या गिऱ्हाइकाला द्या. दोन्हींची बेरीज नटवलेल्या गाडीच्या एकरकमी किमतीपेक्षा बहुधा जास्तच भरते, आणि मागे कटकट राहत नाही.

कटकट कायद्याची आहे, म्हणून तो आधी समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हे कलम ठामपणे उचलून धरले. रंगासारख्या किंवा किरकोळ जोडणीच्या बदलांना त्या निकालात मोकळीक आहे, गाडीच्या मूळ रचनेला हात लावायला नाही. त्याच वर्षी आलेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये शिक्षा घातली: नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हा दंड बदलागणिक आहे, हे लक्षात घ्या. अशी गाडी तुम्ही दुसऱ्याच्या हवाली करता तेव्हा हा धोकाही त्याच्या हाती देत असता. तो धोका त्याला माहीत असलाच पाहिजे.

आता एकेक बदल घेऊ. रंग बदलला असेल तर आरसीवर नवा रंग नोंदवून घ्या. रॅप असेल तर सरळ काढून मूळ रंग दाखवा, कारण रॅपखाली काय झाकले आहे हाच गिऱ्हाइकाचा पहिला संशय असतो. काचांवरची काळी फिल्म उतरवा. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या फिल्मवर बंदी घातली, तेव्हापासून चौकाचौकात तिच्यासाठी गाड्या अडवल्या जातात. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. सुरावटीचा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांतच निषिद्ध आहे, तो काढा. इंजिनच बदललेले असेल, म्हणजे झेनमध्ये एस्टीमचे किंवा जुन्या स्विफ्टमध्ये दुसऱ्या गाडीचे, तर आरसीवर नव्या इंजिनचा नंबर चढलेला आहे का ते आजच पाहा. तो नसेल तर विक्रीचा विचार थांबवा आणि आधी आरटीओत विचारणा करा. नंबर न जुळणारी गाडी कुणी शहाणा घेत नाही आणि जो घेतो त्याच्या हातात ती देऊ नये.

सायलेन्सरबद्दल थोडे सविस्तर. नळीच बदलली असेल आणि मूळ सायलेन्सर घरी असेल तर काम सोपे आहे. पण पुष्कळ गाड्यांत आवाजासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही काढलेला असतो. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असते, म्हणून काढलेला कन्व्हर्टर गॅरेजवाला स्वतःकडे ठेवायला उत्सुक असतो. तुमचा कुठे आहे ते विचारा. कन्व्हर्टरविना बीएस-४ पेट्रोल गाडी पीयूसीच्या कसोटीत, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत, खरोखर बसत नाही. पीयूसीचा कागद कसाबसा मिळवलेला असेल तर तो नव्या मालकाच्या पुढच्या तपासणीत उघडा पडतो. डिझेलमध्ये हीच गोष्ट ईजीआर (इंजिनातला धूर पुन्हा आत फिरवणारा व्हॉल्व्ह) बंद करण्याची. तो पुन्हा चालू करून घ्या.

रिमॅप डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो लपवण्याचा मोह होतो. लपवू नका. १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाची स्विफ्ट डिझेल कंपनीतून ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर ताकदीची येत असे. रिमॅपने ती वाढते, पण क्लच, टर्बो आणि गिअरबॉक्स तेच राहतात. वाढीव ताकदीवर गाडी किती वर्षे चालली हे घेणाऱ्याला कळलेच पाहिजे, कारण पुढचा क्लच त्याच्या खिशातून जाणार आहे. ज्याने रिमॅप केला त्याच्याकडे मूळ फाइल जतन असते. ती परत चढवून घ्या, तसा लेखी कागद घ्या, आणि तरीही "ही गाडी अमुक काळ रिमॅपवर चालली आहे" हे सांगा.

तीन गोष्टींत मात्र विकणाऱ्याला निवड नाही असे मी मानतो. पहिली, कापलेल्या स्प्रिंगा. लोअरिंगसाठी बनवलेल्या स्प्रिंगा वेगळ्या आणि मूळ स्प्रिंगेची दोन वेटोळी कापून गाडी खाली बसवणे वेगळे. कापलेली स्प्रिंग खड्ड्यात उसळल्यावर जागेवरून सरकू शकते. अशी गाडी विकायच्या आधी चारही स्प्रिंगा आणि शॉकअप कंपनीच्या मापाचे टाका. दुसरी, स्टिअरिंग. छोटे स्पोर्ट स्टिअरिंग बसवताना एअरबॅग निघून गेली असेल, तर मूळ स्टिअरिंग एअरबॅगसह परत बसवा आणि डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा नीट पेटून विझतो का ते मिस्त्रीकडून तपासा. तिसरी, वायरिंग. प्रोजेक्टर, एलईडी, अँप्लिफायरसाठी मूळ वायर सोलून केलेले सांधे अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, आग लागण्याचे कारण होऊ शकतात. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक दिवस गाडी द्या आणि सगळे जादा सांधे काढून टाका. या गाडीत उद्या कुणाची तरी लेकरे बसणार आहेत. या तीन कामांचा खर्च किमतीतून निघतो की नाही, हा विचारच इथे करायचा नाही.

उलट काही बदल ठेवण्यासारखे असतात. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे कंपनीचे भाग असतील, जसे स्विफ्ट व्हीएक्सआयला झेडएक्सआयचे १५ इंची मूळ अलॉय, मागचा वायपर, चांगल्या सीट, तर ते तसेच राहू द्या. साधे गिऱ्हाईकही त्यांना हरकत घेत नाही. मात्र ती मूळची झेडएक्सआय आहे असा समज होऊ देऊ नका. पोलोच्या बाबतीत हे फार घडते. ७५ पीएसच्या तीन सिलिंडर पोलोवर जीटी टीएसआयची अक्षरे लावलेली असतात. खरी जीटी टीएसआय चार सिलिंडर टर्बो, १०५ पीएस आणि सात गिअरच्या डीएसजीची. अशी अक्षरे विक्रीआधी काढून टाका. ती ठेवून गाडी विकणे म्हणजे फसवणूकच.

आणि तुमच्याकडे कंपनीतूनच स्पोर्टी निघालेली गाडी असेल तर वरचा सगळा विचार उलटा करा. २००३ ची तीन दारांची झेन कार्बन किंवा झेन स्टील, पॅलिओ १.६, रांजणगावच्या कारखान्यातली १४५ पीएसची अबार्थ पुंटो, २०१७ ची बलेनो आरएस. या गाड्यांना शोधत येणारे लोक आहेत आणि त्यांना गाडी जशीच्या तशी हवी असते. मूळ चाके, मूळ सायलेन्सर, कंपनीची पुस्तिका, दुसरी चावी, सर्व्हिसचे कागद, हे सगळे शोधून एका ठिकाणी करा. अशी गाडी दलालाच्या हाती घाईने देऊ नका.

सुटे भाग विकताना मॅगव्हीलला सर्वांत लवकर गिऱ्हाईक मिळते, पण पीसीडी, म्हणजे बोल्टांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, सांगितल्याशिवाय नाही. स्विफ्टची चाके ४ बाय १०० ची, म्हणून ती बलेनो, आय-२०, होंडा सिटीवाल्यांनाही चालतात. पोलो ५ बाय १००, फिगो ४ बाय १०८, पुंटो ४ बाय ९८. यांना गिऱ्हाईक त्याच मॉडेलचे शोधावे लागते. रिम वाकलेली आहे का ते बॅलन्सिंगवाल्याकडे फिरवून आधीच पाहा. आणि एक लक्षात ठेवा, टायरचे माप बदलले की मीटरही बदलतो. स्विफ्टच्या मूळ १६५/८० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. त्या जागी १९५/५५ आर १५ टाकले तर तो ५९५ च्या आसपास येतो. छोटे चाक जास्त वेळा फिरते, म्हणून मीटरवर १०० किलोमीटर पडतात तेव्हा गाडी ९६ च चाललेली असते. गिऱ्हाइकाने मीटरबद्दल शंका काढली तर हे त्याला समजावून सांगता आले पाहिजे.

आता गाडीची प्रकृती. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की रंगावर पांढरे डाग राहतात, आणि तळाचा पत्रा, सायलेन्सरचे बोल्ट, ब्रेकच्या नळ्या लवकर गंजतात. गाडी त्या पट्ट्यातल्या गावी राहिली असेल तर तिला लिफ्टवर चढवून तळ स्वतः पाहा. घेणाऱ्याचा मिस्त्री तेच पाहणार आहे. उन्हाने बोनेट आणि टपावरची लॅकर पोपडते, दारांचे रबर कडक होते, सस्पेन्शनचे बुश फाटतात. बुश आणि रबर बदलणे स्वस्त आणि फायद्याचे. सगळी गाडी नव्याने रंगवणे मात्र टाळा. पूर्ण रंगवलेली जुनी गाडी पाहिली की "ठोकलेली असेल" हाच पहिला विचार येतो. एखादा ओरखडा असलेला मूळ रंग जास्त विश्वास देतो.

कागदांकडे जाहिरात देण्याआधी बघा, नंतर नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी लावलेली नसेल तर आरटीओतली नाव बदलण्यासारखी कामे अडतात. आधी ती लावा आणि 'दादा' वाचता येईल अशी जुनी फॅन्सी पाटी काढून टाका. थकलेले ई-चलन भरा. कर्ज फिटले असेल तरी आरसीवर बँकेचे नाव राहिलेले असते. बँकेकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ते उतरवा. पीयूसी आणि विमा चालू ठेवा. पहिल्या पिढीच्या बहुतेक स्विफ्ट आता १५ वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढते. एप्रिल २०२२ पासून १५ ते २० वर्षांच्या कारच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी मूळ रूपातच न्यावी लागते, तेव्हा वरची सगळी कामे एकाच वेळी उरकून घ्या. नूतनीकरण झालेली गाडी आणि 'पासिंग संपत आलेली' गाडी यांच्या भावातला फरक शुल्काच्या रकमेपेक्षा बराच मोठा असतो. दिल्लीत जुन्या डिझेलवर जशी दहा वर्षांची मर्यादा आली तशी आपल्याकडे नाही. पण कुणी गिऱ्हाईक ती भीती घालून भाव पाडू पाहील, त्याला हे सांगा.

भाव ठरवण्याची रीत सोपी आहे. त्याच वर्षाच्या, त्याच व्हेरिएंटच्या, न बदललेल्या पाच-सात गाड्यांचे मागितले जाणारे भाव पाहा. फक्त अकोल्याचे नाही, तर अमरावती, वाशीम, बुलडाण्याचेही, म्हणजे एमएच २७, ३७ आणि २८. मागितलेला भाव आणि झालेला व्यवहार यांत अंतर असते, म्हणून जवळच्या मिस्त्रीला "खरी कितीला गेली" हे विचारा. मधला आकडा धरा. त्यात नवे टायर, नवी बॅटरी, नुकताच बदललेला क्लच यांचे थोडे पैसे मिळवा. रिमॅप, आवाज, दिवे यांचे शून्य. आणि भाव पाहताना ताजे व्यवहार पाहा, जुने नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. आधी तो २८ टक्के आणि वर उपकर होता. नवी छोटी गाडी स्वस्त झाली की जुनीला मिळणारा भाव त्याखाली सरकतो. २०२४ मध्ये मित्राला मिळालेली किंमत आज तुम्हाला मिळेलच असे धरू नका.

वेळही साधा. पितृपक्षात इथे बोलणी पुढे जात नाहीत. दसरा-दिवाळीपासून जानेवारीपर्यंत, कापूस-सोयाबीन बाजारात आलेले असताना, आणि पुढे पाडवा-अक्षय्य तृतीयेच्या सुमारास गिऱ्हाईक खरे असते.

जाहिरातीत सगळे लिहा. नमुन्यादाखल: "मारुती स्विफ्ट व्हीडीआय, २०१३ पासिंग, एमएच ३०, दुसरा मालक. सस्पेन्शन, सायलेन्सर आणि ईसीएम मूळ स्थितीत आणले आहेत. आधी गाडी तीन वर्षे रिमॅपवर चालली. झेडडीआयचे मूळ अलॉय, टायर २०२४ चे. डावे मागचे दार आणि बंपर रंगवलेले, बाकी रंग मूळ. एचएसआरपी लावलेली, कर्ज नाही, चलन बाकी नाही. विमा मार्चपर्यंत. थंड इंजिन चालू करून पाहता येईल. दलालांनी फोन करू नये." अशा जाहिरातीला फोन कमी येतात, पण जे येतात ते खरे असतात. फोटो सकाळच्या उजेडात, गाडी धुतलेली पण कोरडी, आणि ओरखड्याचाही फोटो त्यात. आरसीचा पूर्ण फोटो, चासी नंबर आणि घराचा पत्ता अनोळखी माणसाला पाठवू नका.

फोनवरच न पाहता सौदा पक्का करणारा, स्वतःला लष्करातला सांगणारा, आणि "पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा" म्हणणारा माणूस ठगच समजा. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही.

चाचणीसाठी गाडी देण्याआधी त्याचा परवाना पाहून फोटो काढा आणि स्वतः शेजारी बसा. सकाळी बोलवा आणि इंजिन आधी गरम करून ठेवू नका. त्याच्या मिस्त्रीला मनमोकळे पाहू द्या. जठारपेठ चौकाच्या गर्दीत क्लच कळतो आणि कौलखेडच्या बाजूला ब्रेकर कळतात, तेवढे फिरवा. वेग दाखवायला अमरावतीच्या महामार्गावर नेऊ नका. तो मोकळा आणि सरळ आहे, आणि वेगाची हौस असलेल्या अनोळखी तरुणाच्या हातात रिमॅपची गाडी तिथे देणे जिवावर बेतू शकते.

सौदा ठरला की टोकन घेताना साध्या कागदावर दोघांच्या सह्या करा: एकूण किंमत, टोकन, उरलेली रक्कम कधी, आणि व्यवहार मोडला तर टोकनचे काय. गाडीत झालेले आणि मूळ स्थितीत आणलेले सगळे बदल याच कागदावर लिहा आणि "मला हे माहीत आहे" अशी घेणाऱ्याची सही घ्या. पूर्ण पैसे खात्यात जमा झाल्याखेरीज चावी द्यायची नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे, ज्यात आपल्याकडे सर्वाधिक ढिलाई होते. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, "नाव तो करून घेईल" म्हणत गाडी सोडून देणे बंद करा. कलम ५० नुसार विकणाऱ्याने त्याच राज्यातल्या विक्रीची खबर १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नावासाठी अर्ज करायचा असतो. गाडी बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे, म्हणजे मध्य प्रदेशात जाणार असेल तर फॉर्म २८ वर एनओसी काढावी लागते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या प्रकरणात निकाल दिला. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात जात राहिली होती, पण आरटीओच्या नोंदीत नाव पहिल्याच मालकाचे होते. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयाने त्या नोंदीतल्या मालकावर टाकली. वेगासाठी घडवलेली गाडी विकणाऱ्याने हा निकाल दुप्पट गांभीर्याने घ्यावा, कारण ती घेणारा बहुधा वेगासाठीच घेतो.

म्हणून घेणाऱ्याला सोबत घेऊन अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर स्वतः भरा, शुल्क भरल्याची पावती स्वतःकडे ठेवा, आणि ताबा पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. संध्याकाळी सहाला गाडी दिली आणि आठला चलन फाटले, तर ती वेळच तुमचा पुरावा असते. दलालाला किंवा कंपनीला गाडी देत असाल तर तो नोंदणीकृत डीलर आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९-सी वर आरटीओला कळवता येते आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरवर जाते. तो "गरज नाही" म्हणाला तर दुसरा डीलर शोधा.

विम्याचेही दोन मुद्दे आहेत. पॉलिसी नव्या मालकाच्या नावावर करायला त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो, त्याला हे आठवण करून द्या. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नाही, तुमचा आहे. कंपनीकडून त्याचे पत्र घेतले तर तीन वर्षांत घेतलेल्या पुढच्या गाडीला तो लागू होतो, ५० टक्क्यांपर्यंत. हे पत्र मागायचे बहुतेक लोक विसरतात. फास्टॅग बँकेला कळवून बंद करा आणि काचेवरून खरवडून काढा, नाहीतर समृद्धी महामार्गावरचा नव्या मालकाचा टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

गाडी दिल्यावरही आठवड्याला एकदा एमपरिवहन ॲपवर तिचा नंबर टाकून मालकाच्या नावाची आद्याक्षरे पाहत राहा. ३० दिवसांत नाव बदलले नाही तर घेणाऱ्याला फोन करा, आणि टाळाटाळ दिसली तर ताबा पावती आणि अर्जाची पावती जोडून आरटीओला लेखी कळवा व पोहोच घ्या. नाव उतरल्यानंतरही हे सगळे कागद फाइलमध्ये ठेवा, फेकू नका.